सातबारा आणि सातासमुद्रापलीकडचे शिक्षण

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांविषयी कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल. पण घरात एक इंजिनिअर असला की त्याच्या परीक्षा सगळ्या घराला द्याव्या लागतात. माझा थोरला भाऊ यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर. २०२५ च्या जूनमध्ये जर्मनीतील एका विद्यापीठात त्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांप्रमाणे तेथेही शिक्षण-शुल्क नाही. दर सहामाहीला किरकोळ वर्गणी भरायची एवढेच. ऑक्टोबरात तेथे वर्ग सुरू झाले, तेव्हा दादा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला होता.

मधल्या चार महिन्यांत आमच्या घरी जे घडले त्याची तक्रार मांडावी म्हणून हा लेख लिहीत नाही. ज्या शिक्षणाला फी नाही ते शिक्षण आम्हाला का परवडले नाही, हे कोडे सोडवताना मला जे समजले ते माझ्या वर्गबंधूंनाही उपयोगी पडेल, असे वाटते. आपल्या महाविद्यालयातील निम्म्या मुलामुलींचे भाऊ अभियांत्रिकीला आहेत आणि निम्म्यांच्या घरी सातबारा आहे.

स्नेहसंमेलनात किंवा बक्षीस-समारंभात पाहुणे येतात आणि आम्हाला विचारतात, "तुम्ही ग्रामीण मुले परदेशी का जात नाही?" आणि उत्तरही तेच देतात. आमचे इंग्रजी कच्चे, आम्हाला महत्त्वाकांक्षा नाही, आम्ही घरकोंबडे. इंग्रजी कच्चे आहे, हे मान्य. दादाने सातवीपर्यंत इंग्रजी माणूस पाहिला नव्हता आणि बारावीपर्यंत इंग्रजी वाक्य मोठ्याने उच्चारले नव्हते. पण ते कच्चेपण त्याने दीड वर्षात भरून काढले. पहाटे गायींच्या धारा काढताना कानात इंग्रजी बातम्या असत. आयईएलटीएस या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात; ती एकदाच भरता येईल हे ठाऊक असल्यामुळे तो पहिल्याच वेळी पास झाला. ज्या गोष्टी अभ्यासाने होण्यासारख्या होत्या त्या सर्व झाल्या. अडले ते दुसरीकडेच.

आमचा जिल्हा म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासात या जिल्ह्याला मानाचे पान आहे. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावे सहकाराच्या तासाला आपण सर्वांनीच पाठ केली आहेत. त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास शासनाने परवानगी दिली. त्याच १९८३ साली लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा एकाच जिल्ह्यातील तीन ठिकाणी, उसाच्या पट्ट्यात, अशी महाविद्यालये सुरू झाली. त्यापूर्वी इंजिनिअर व्हायचे तर पुण्याला जावे लागे, आणि तेथे जागा मोजक्या. उसाच्या पैशाने मुलाला इंजिनिअर करता येते, हा विश्वास आमच्या वाडवडिलांच्या पिढीला त्या वर्षाने दिला. दादा त्याच विश्वासाचे फळ. मात्र हा रस्ता बी.ई.च्या पदवीपर्यंत आणून सोडतो. पुढचा समुद्र ज्याचा त्याने ओलांडायचा.

हा समुद्र पूर्वी कोणी कसा ओलांडला, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील एमआयटी या प्रख्यात तंत्रशिक्षण संस्थेत पहिला भारतीय विद्यार्थी गेला तो १८८२ साली, आणि तो आपल्या पुण्याचा, केशव मल्हार भट. त्या काळी समुद्रपर्यटनाला धर्माची आडकाठी होती. पण ज्या पुण्यातून ते गेले त्या पुण्यात वर्तमानपत्रे होती, वकील होते, ओळखी होत्या. पुढे शंतनुराव किर्लोस्कर त्याच संस्थेत शिकून १९२६ मध्ये यंत्र अभियंते झाले. त्यांच्या पाठीशी वडिलांचा कारखाना होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अभियंते नव्हेत, त्यांचा विषय माझाच, अर्थशास्त्र. परंतु पैशाच्या अडचणीचा विचार करताना त्यांचे उदाहरण टाळता येत नाही. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, परत येऊन दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. एवढ्या बुद्धीचा माणूस, आणि त्यालाही मुदत संपली म्हणून बोटीत बसावे लागले.

स्वातंत्र्यानंतर अडचण बदलली. साठ-सत्तरच्या दशकांत देशात परकीय चलनाचा दुष्काळ होता. परदेशी निघालेल्या माणसाला सोबत आठ डॉलर नेता येत, हे त्या पिढीतील पुष्कळजण सांगतात. तरीही मुले गेली, कारण अमेरिकन विद्यापीठे हुशार पदवीधरांना अध्यापनात किंवा संशोधनात मदतनीस म्हणून घेत आणि त्यांची फी माफ करीत. पण अशी मदत मिळायला शिफारसपत्र लागते, आणि शिफारसपत्रावर सही करणारा माणूस वाचणाऱ्याला ठाऊक असावा लागतो. आयआयटीतील प्राध्यापकाचे नाव तिकडे ठाऊक असते. आमच्या तालुक्यातील प्राध्यापक कितीही तळमळीचे असोत, दिवसाला पाच तास शिकवून संध्याकाळी प्रवेशाच्या जाहिरातीसाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसाचा शोधनिबंध कोठून छापून येणार?

२००१ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली आणि चित्र पालटले. आता राजा नको, कारखाना नको, बँक आहे. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गातील मुले गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लोंढ्याने बाहेर गेली, ती या कर्जामुळे. ते योग्यच झाले. पण या कर्जाच्या पाठीशी जे उभे असते ते राजासारखेच सर्वांच्या घरी नसते, हे आम्हाला २०२५ च्या जुलैत कळले.

त्याआधीची एक पायरी सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांचे पाय तेथेच अडखळतात. जर्मन विद्यापीठे आपले गुण जसेच्या तसे घेत नाहीत. एका सूत्राने त्यांचे रूपांतर करतात. सर्वोच्च शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्या फरकाने त्याला भागायचे, येईल त्याला तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. उत्तर जितके लहान तितका विद्यार्थी हुशार, कारण तिकडे पहिला आकडाच सर्वांत मोठा. दादाचे दहापैकी ७.२. उत्तीर्ण होण्याचे किमान गुण चार धरले तर उत्तर येते २.४. तेच किमान पाच धरले तर २.६८. अनेक अभ्यासक्रमांत मर्यादा असते २.५ ची. म्हणजे मुलगा तोच, गुणपत्रिका तीच; आणि उत्तीर्ण व्हायला चार लागतात की पाच, हे ज्या कागदावर छापलेले असते त्या कागदावर त्याचा प्रवेश अवलंबून. दादाने ते पत्र मागवले, ते वेळेत मिळाले. त्याच्या वर्गातील एकाला असे पत्र लागते हेच माहीत नव्हते. त्याचा अर्ज त्यामुळेच नाकारला गेला, असे त्याला वाटते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली कागदपत्रे खरी असल्याचे एपीएस नावाच्या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याची फी अठरा हजार रुपये. दोन कालवडींपैकी एक त्यात गेली.

आता मुख्य विषयाकडे येते.

जर्मनीचा व्हिसा मिळवायचा तर विद्यार्थ्याने एका वर्षाच्या निर्वाहाचे पैसे आधीच एका खात्यात ठेवून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांचा धरला तर सुमारे बारा लाख. हे पैसे फीचे नाहीत, ते कोणी खाऊन टाकत नाही. विद्यार्थी तेथे पोचला की त्याचेच पैसे त्याला दरमहा ९९२ युरोंप्रमाणे परत मिळतात. वर्षाला १४० दिवस काम करण्याची मुभाही असते. दुसऱ्या वर्षाचा खर्च बहुतेक मुले त्यातून भागवतात. तेव्हा अडचण बारा लाख खर्च करण्याची नव्हतीच. बारा लाख एका ठरावीक दिवशी दाखवण्याची होती. विमान, विमा आणि पहिल्या महिन्याचे घरभाडे धरून आम्ही चौदा लाखांचा हिशेब केला.

आमचे गाव प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. जमीन साडेतीन एकर, बागायत. ऊस, थोडा घास, दोन संकरित गायी. रस्त्यालगतच्या अशा जमिनीचा भाव आज एकरी पंचवीस लाखांखाली कोणी बोलत नाही. म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत आमच्या कुटुंबाची मालमत्ता ऐंशी लाखांच्या पुढे. चौदा लाखांच्या कर्जाला एवढे तारण पुरेसे आहे, असे आप्पांना वाटले यात त्यांची काय चूक? ते सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तालुक्याच्या बँकेत गेले. बरोबर दादा आणि मी.

शाखेतले साहेब भले होते. त्यांनी सर्व कागद वाचले, चहा मागवला आणि म्हणाले, "आप्पा, जमीन सोन्यासारखी आहे. पण मला ही चालत नाही."

नियम असा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. चार ते साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थाची हमी चालते. साडेसात लाखांच्या वर मात्र स्थावर किंवा तत्सम तारण लागते, आणि ते शेतजमिनीचे सहसा घेत नाहीत. सदनिका, बिनशेती भूखंड, मुदत ठेव, विमा पॉलिसी यांपैकी काही द्या. साहेब साडेसात लाख द्यायला तयार होते. पण साडेसात लाखांत व्हिसा मिळत नाही. नदी अर्धी ओलांडून उपयोग काय?

आप्पांचा पहिला प्रश्न फार साधा होता. "याच जमिनीवर तुम्ही मला पीककर्ज दिलंय. सातबाऱ्यावर तुमचाच बोजा आहे. मग तेव्हा कशी चालली?" खरोखर, सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात त्याच बँकेचे नाव होते. दोन टेबलांमधले अंतर पाच फूट. एका टेबलावर जमीन चालते, दुसऱ्यावर नाही.

याचे उत्तर शोधण्यासाठी मी आमच्या ग्रंथालयात, आणि पुढे एका वकील नातेवाइकाच्या घरी, बरेच दिवस घालवले. जे सापडले ते थोडक्यात असे. २००२ मध्ये केंद्र सरकारने सरफेसी नावाने ओळखला जाणारा कायदा केला. कर्ज थकले तर गहाण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार त्याने बँकांना दिला. पण त्याच कायद्याच्या एकतिसाव्या कलमात काही अपवाद आहेत आणि त्यांत शेतजमीन आहे. सावकारी पाशाचा इतिहास असलेल्या देशात बँकेने शेतकऱ्याची जमीन अशी परस्पर विकू नये, हा त्यामागचा विचार. सदनिका असती तर बँकेला काही महिन्यांत विकता आली असती; शेतीसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि निकाल कोणत्या पिढीत लागेल ते सांगता येत नाही. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमाप्रमाणे शेतजमीन घेणाराही शेतकरीच असावा लागतो, नाही तर सरकारी परवानगी हवी. म्हणजे बँकेला गिऱ्हाईकही मोजके. पीककर्जाचे टेबल निराळे आहे. ती रक्कम लहान, वर्षाच्या आत फिरणारी, आणि शेतीला कर्ज देणे बँकांवर बंधनकारकच आहे.

दुसरे दार आम्ही ठोठावले ते खासगी वित्तसंस्थेचे. या संस्था तारणाविना कर्ज देतात, व्याज चढे असते, ते आम्ही सोसले असते. पण त्यांना तारणाऐवजी सहअर्जदाराचे उत्पन्न हवे असते: पगाराची पावती, प्राप्तिकराचे विवरणपत्र. शेतीचे उत्पन्न आपल्याकडे करमुक्त आहे. आप्पांनी आयुष्यात विवरणपत्र भरलेले नाही, कारण भरण्याची वेळ आली नाही. उसाचे बिल खात्यात जमा होते, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, घरात कोणी उपाशी झोपत नाही. पण कागदावर माझ्या वडिलांचे उत्पन्न शून्य आहे. त्याच संस्थेने आमच्या गावातील एका शिपायाच्या मुलाला कर्ज दिले. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, उलट आनंद आहे. पण त्या शिपाईमामांनी आप्पांना पारावर गाठून "तुम्हाला कसं नाही दिलं?" असे विचारले, तेव्हा आप्पांनी मान खाली घातली ती मी पाहिली.

या ठिकाणी मला जे म्हणायचे आहे ते म्हणते. जमीन जप्त होऊ नये म्हणून केलेला कायदा, जमीन बिगरशेतकऱ्याच्या घशात जाऊ नये म्हणून केलेला कायदा आणि शेतकऱ्यावर कर नको म्हणून दिलेली सवलत, या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या भल्यासाठी झाल्या आणि त्यांनी भले केलेही. हे कायदे मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. माझ्या आजोबांनी जमिनी गेलेली घरे पाहिली होती. पण हे कायदे ज्यांनी केले त्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर राहणारा शेतकरी होता. त्याचा मुलगा एके दिवशी बारा लाखांचा कागद मागत उभा राहील, ही कल्पना कोणाच्या मनात आली नसावी. जे कुंपण बाहेरच्या जनावराला आत येऊ देत नाही ते आतल्या वासरालाही बाहेर पडू देत नाही.

वर्ग दोनच्या जमिनींची कथा याहून बिकट. हरेगाव-टिळकनगर भागातील खंडकरी शेतकऱ्यांनी साखर कंपन्यांना खंडाने दिलेल्या जमिनी कमाल जमीनधारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि अर्ध्या शतकाच्या लढ्यानंतर परत मिळाल्या, त्या भोगवटादार वर्ग दोन म्हणून. अशी जमीन विकायची किंवा गहाण ठेवायची तर आधी शासनाची परवानगी. तेथल्या मुलांना बँकेची पायरी चढण्यापूर्वी आणखी एक कचेरी चढावी लागे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

"मग घर तारण द्या," असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हटले. आम्ही वस्तीवर राहतो. ते घर शेतात आहे आणि शेतातले घर म्हणजे बँकेच्या लेखी शेतच. गावठाणात आजोबांचे जुने घर आहे, माळवदाचे. त्याला ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आहे. पण तो घरपट्टीचा कागद, मालकीचा नव्हे. २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले आणि आमच्याही गावावरून तो भुंगा फिरून गेला. पत्रिका तयार झाली. तिच्यावर चार नावे आहेत: आप्पा, चुलते आणि दोन आत्या.

या चार नावांविषयी घरात पुष्कळ बोलणी झाली आणि त्या बोलण्यांत मी एकटी पडले. सर्वांचे म्हणणे, आत्यांनी मुकाट्याने हक्कसोडपत्र करून द्यावे; माहेरचे दार उघडे ठेवायचे तर बहिणींनी मागायचे नसते. मला ते पटत नाही. १९५६ च्या कायद्याने मुलीला वारस मानले, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये तिला जन्मापासून मुलाबरोबरीचा हक्क दिला. हे मी परीक्षेत लिहायचे आणि घरी आत्याकडून सही मागायला जायचे! उद्या याच उताऱ्यावर माझे नाव लागणार आहे आणि माझ्यासमोर कोणीतरी असेच पेन धरणार आहे. तरीही मी गेले. दादासाठी गेले. थोरल्या आत्याने पुरणपोळी खाऊ घातली आणि सही केली. धाकटी म्हणाली, "माझापण मुलगा डिप्लोमाला आहे. त्याची वेळ आली की मी कोणाच्या दारात जाऊ?" याला उत्तर नव्हते, आजही नाही.

तोवर ऑगस्ट संपला होता. प्रवेशपत्र येते जूनमध्ये आणि वर्ग सुरू होतात ऑक्टोबरात. मधल्या दिवसांत पैसे भरून व्हिसा हाती पडावा लागतो. सदनिका तारण ठेवणाऱ्याला हे दिवस पुरतात. वारसांच्या सह्या, मोजणी, मूल्यांकन आणि बँकेच्या वकिलाचा शोध-अहवाल यांना पुरत नाहीत. वीस गुंठे विकून टाकावेत असेही आप्पांच्या मनात आले. पण सातबाऱ्यावरही तीच चार नावे, आणि घाईत विकणाऱ्याला भाव देणारा गिऱ्हाईक कोणी पाहिला आहे?

वाचक विचारतील, शिष्यवृत्त्या नाहीत काय? आहेत, आणि त्या पूर्वीपेक्षा अधिक आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या साऱ्या देशासाठी मिळून १२५ जागा. त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. चार! आमच्या एका गावात ऊसतोडणीच्या हंगामात याच्या पन्नासपट भूमिहीन उतरतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना पाठवते. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी 'सारथी' संस्थेमार्फत २०२३ मध्ये आणखी ७५ जागांची योजना निघाली आणि तिला नाव दिले आहे महाराजा सयाजीराव गायकवाडांचे. ते नाव वाचून मला बरे वाटले. पण अट वाचल्यावर कळले की विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेंत हवे. दादाला प्रवेश मिळाला ते उपयोजित विज्ञानाचे विद्यापीठ. कारखान्यांशी जोडलेले, यंत्र अभियंत्याला उत्तम, परंतु संशोधनावर आखलेल्या त्या क्रमवारीत अशी विद्यापीठे सहसा येतच नाहीत. पहिल्या दोनशेंतील विद्यापीठ ७.२ गुणांच्या मुलाला घेत नाही आणि जे घेते त्याला शिष्यवृत्ती ओळखत नाही. सरकारी पैसा निवडक ठिकाणीच जावा हे समजते. पण मधल्या गुणांच्या मुलासाठी अनुदान नको, निदान सरकारने हमी राहावे, असे मला वाटते. २०२४ मध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना तारणाविना कर्ज देते, ती देशातील निवडक संस्थांपुरती.

सल्लागारांविषयी दोन शब्द. नगरला आणि पुण्याला 'परदेशी शिक्षण' अशा पाट्यांची दुकाने झाली आहेत. सल्ला मोफत असतो, कारण दलाली तिकडच्या विद्यापीठाकडून मिळते. जर्मनीची सरकारी विद्यापीठे दलाली देत नाहीत. म्हणून दादाला त्या दुकानांत जर्मनीचे नाव कोणी घेऊ दिले नाही, वर्षाला पंधरा-वीस लाख फीच्या अभ्यासक्रमांची रंगीत पुस्तके मात्र पुढे केली. फुकट सल्ल्याची किंमत कोण देतो, एवढे विचारून आत जावे.

आणि मुलींचे काय? माझी एक मैत्रीण संगणक शाखेची. दादापेक्षा गुण अधिक. तिच्या वडिलांची नगरला सदनिका आहे, पगाराची पावती आहे. म्हणजे वर सांगितलेल्या एकाही अडचणीशी तिचा संबंध नाही. सदनिका तिच्या लग्नासाठी ठेवली आहे, असे तिला सांगण्यात आले. ती आता पुण्याला नोकरी करते आणि रविवारी स्थळे पाहायला घरी येते.

दादा रात्रपाळीहून सकाळी साडेआठच्या एस.टी.ने येतो, दोन तास झोपतो आणि जर्मन भाषेची वही घेऊन गोठ्याशेजारी बसतो. या वर्षी त्याने पुन्हा अर्ज केले आहेत. एपीएसच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, ते कपाटात आहे. आयईएलटीएसच्या गुणांना दोन वर्षांची असते, ती पुढच्या जानेवारीत संपेल. गावठाणातल्या घराची किंमत बँकेच्या माणसाने अजून केलेली नाही. आप्पांनी मात्र यंदा पहिल्यांदाच प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले आहे. तालुक्यातील एका कर-सल्लागाराने पाचशे रुपये घेऊन ते भरून दिले, त्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवले आहे आणि ते वित्तसंस्थेला चालते की नाही, हे तीन वर्षांची विवरणपत्रे झाल्यावर कळेल म्हणतात. धाकट्या आत्याला आम्ही पुन्हा विचारलेले नाही. अक्षय्यतृतीयेला ती माहेरी येणार आहे.